सुरतेच्या मालावरची छाप

भुसावळहून तापी मार्गाने येणारी गाडी उधना जंक्शनावर थांबली की फलाटावर काही क्षण गुजराती भाषा मागे पडते आणि खानदेशी बोली कानी येते. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार या बाजूंनी आलेली माणसे बोचकी सावरीत उतरतात आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांची वाट धरतात. यंत्रमागांवर, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत आणि साड्यांच्या बाजारात गठ्ठे बांधण्याच्या कामावर या मंडळींच्या दोन-तीन पिढ्यांनी घाम गाळला आहे. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते, यावरून त्यांच्या संख्येची कल्पना वाचकांस यावी. आता या घरांतील मुले महाविद्यालयांत जाऊ लागली आहेत, आणि त्यांपैकी काहींनी असा एक अभ्यासक्रम धरला आहे की, ज्याचे नाव ऐकताच आईबापांच्या कपाळाला आठी पडते. त्याचे नाव ग्राफिक डिझाइन.

मुलगी रात्री एक वाजेपर्यंत संगणकासमोर बसून चित्रे काढते, तेच पान पुन्हा पुन्हा काढते, याला अभ्यास म्हणावे काय, असा प्रश्न पालक विचारतात. प्रश्न अगदी वाजवी आहे. मागावर बारा-बारा तास उभे राहून मिळविलेल्या पगारातून शुल्क भरावयाचे, वर संगणकासाठी कर्ज काढावयाचे, आणि हाती काय येणार ते कोणी नीट सांगत नाही. कन्येला विचारावे तर ती ‘ब्रँडिंगचा प्रोजेक्ट आहे’ एवढेच म्हणते. म्हणून हा विषय घरातील सर्वांना समजेल अशा रीतीने मांडावा असे आम्हांस वाटले.

प्रथम त्या ‘ब्रँडिंग’विषयी. शब्द नवा असला तरी वस्तू सुरतेला नवी नाही. आपल्याकडे तिला छाप म्हणत. कापडाच्या थानावर व्यापाऱ्याची छाप असे, आणि ती पाहून गिऱ्हाईक माल घेई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरचे कापड मुंबई बंदरात उतरू लागले तेव्हा प्रत्येक थानावर एक रंगीत कागदी टिकीट चिकटविलेले असे. त्यावर कधी हत्ती, कधी वाघ, कधी एखादी देवता, कधी नुसती फुलांची परडी. कारण साधे होते. ज्याला कापड विकावयाचे त्याला इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हते, पण हत्ती ओळखता येत होता. ‘हत्ती छाप द्या’ म्हटले की काम भागे. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनीही पुढे हीच रीत उचलली. अर्थातच लबाडी करणारेही निघाले. एकाच्या हत्तीची सोंड थोडी वळवून दुसऱ्याने आपला हत्ती बाजारात आणावा, असे इतके होऊ लागले की १८८९ साली सरकारास मालावरील खुणांसंबंधी कायदा करावा लागला. नोंदणीचा कायदा १९४० साली आला, १९५८ साली तो नव्याने केला गेला, आणि सध्या लागू असलेला कायदा १९९९ सालचा आहे. एका चित्रासाठी एवढे कायदे होतात, यावरून त्या चित्रात किती पैसा आणि किती विश्वास साठविलेला असतो हे ध्यानी यावे.

आता ही मुलगी रात्री एक वाजेपर्यंत नेमके काय करते ते पाहू. समजा, तिला वर्गात असे काम दिले आहे की सुरतेतील एक खाद्यपदार्थ निवडून त्याच्या विक्रेत्यासाठी नाव, चिन्ह, वेष्टन आणि जाहिरातीची चित्रे तयार करावीत. ती पोंक निवडते. पोंक म्हणजे आपला हुरडाच. कोवळ्या ज्वारीचे भाजलेले हिरवे दाणे. हिवाळा लागला की सुरतेत तापीकाठी, अडाजणच्या बाजूस पोंकाच्या भट्ट्या लागतात. भाजलेली कणसे कापडी पिशवीत घालून झोडपतात, दाणे पाखडतात, आणि शेव, साखरेचे दाणे व ताक यांच्या संगतीने लोक ते आवडीने खातात. खानदेशातील मुलीला हे सारे घरचे. शेतावरचा हुरडा आजोबांच्या हातून तिने खाल्लेला असतो.

असे असूनही ती पहिल्या रात्री काय करते? संगणकावरील चित्रांच्या भांडारात ‘धान्य’ असे लिहिते, आणि समोर येते गव्हाची ओंबी. सोनेरी, लांब कुसळांची, दोन्ही बाजूंनी गोल वळवून मध्ये नाव घालण्यास अत्यंत सोयीची. जगातील निम्म्या बेकऱ्यांच्या पुड्यांवर हीच ओंबी बसलेली आहे. ती उचलावी, हिरवी रंगवावी, खाली सुंदर अक्षरांत ‘पोंक’ लिहावे, काम अर्ध्या तासात संपले! पुष्कळ विद्यार्थी येथेच थांबतात आणि पुष्कळ दुकानदारही त्यावर खूश होतात. परंतु ज्वारीच्या कणसाला अशी लांब कुसळे नसतात. ते गच्च भरलेले, वर निमुळते, दाण्याशी दाणा खेटून बसलेले असते. ज्याने एकदा ते हातात धरले आहे त्याला ती ओंबी पाहून हसू येते. शिक्षक जाणता असेल तर तो एकच प्रश्न विचारतो: हे पीक कोणते? आणि मग मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी तापीकाठी जाते, भट्टीपाशी उभी राहते, कणीस विकत घेते, घरी आणून समोर ठेवते आणि पेन्सिलीने काढू लागते. तेथून खरा अभ्यास सुरू होतो.

पहिली दहा चित्रे कणसासारखी दिसत नाहीत, मक्यासारखी दिसतात. पुढची दहा कणसासारखी दिसतात, पण त्यांत इतके दाणे असतात की चित्र अंगठ्याएवढे लहान केले की त्याचा हिरवा डाग होतो. चिन्हाची परीक्षा येथेच असते. ते दुकानाच्या पाटीवर चार हातांचे दिसावे आणि पैसे देण्याच्या भ्रमणध्वनीवरील चौकटीत हरभऱ्याएवढेही ओळखू यावे. रंगीत तर दिसावेच, पण स्वस्त कागदी पिशवीवर एकाच शाईत छापले तरी मोडू नये. म्हणून ती दाणे कमी करीत जाते. चाळीस दाण्यांचे पंचवीस, पंचवीसचे अकरा, अकराचे सात. सात दाण्यांत कणीस दिसले पाहिजे आणि ते ज्वारीचेच दिसले पाहिजे. आईला ‘तेच पान पुन्हा पुन्हा’ दिसते ते हे. पुरण गाळणारी बाई एकच गोळा पुन:पुन्हा पाट्यावर का घेते हे जिला ठाऊक आहे, तिला हे समजण्यास अडचण पडू नये.

पोंकाच्या विषयात आणखी एक गोष्ट आहे. पोंक फार टिकत नाही. ताजा आहे तोवरच त्याची गोडी. मग त्यासाठी महिनोन्महिने टिकणाऱ्या मालासारखी चकचकीत डबी करावी काय? येथे मुलीला केवळ चित्रकार असून भागत नाही. तिला पदार्थाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. साधी कागदी पुडी, तिच्यावर भाजल्याची तारीख लिहिण्यास मोकळी जागा, आणि एका शाईची छाप, हे उत्तर डबीपेक्षा स्वस्त आहे आणि प्रामाणिकही आहे. भट्टीवाल्यास परवडेल ते. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचे मोठे कौतुक केले आहे. तो किती पाणी मावावे, डोक्यावर-कमरेवर कसा बसावा, ओतताना कसा कलावा, त्याची किंमत किती पडावी, या सर्व विचारांतून घडलेला आहे, असा त्यांचा भाव होता. त्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. परदेशी पाहुण्यांनी सांगितल्यावर आपणांस आपला तांब्या दिसला, हे थोडेसे लाजिरवाणे असले तरी संस्था चांगली झाली.

पोंक हा सोपा विषय झाला. सुरतेचा अवघड विषय म्हणजे जर. साडीच्या काठापदरावरची जर शतकानुशतके या शहरात तयार होते, आणि सुरतेच्या जरीकामास भौगोलिक निर्देशांकाची मान्यताही मिळालेली आहे. पण ‘जर’ या एका शब्दाखाली आज तीन वस्तू विकल्या जातात. खऱ्या जरीत चांदीची तार चापट करून रेशमी धाग्यावर गुंडाळतात आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा देतात. नकली जरीत चांदीच्या जागी तांब्याची तार असते. तिसरी प्लॅस्टिकची, चकाकणाऱ्या पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीची. दुकानातील विजेच्या उजेडात तिन्ही सारख्याच चमकतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. मुलीच्या लग्नासाठी जरीची साडी घ्यावयास आलेली बाई कापडाकडे पाहते तितकीच पेटीकडेही पाहते.

आता एखाद्या विद्यार्थ्याला प्लॅस्टिकच्या जरीच्या साडीसाठी पेटी सजविण्याचे काम मिळाले, तर त्याने तिच्यावर काय काढावे? राजवाडा, हत्तीची अंबारी, सोन्याचे ठसे, आणि ‘परंपरा’ हा शब्द? बाजारात असे पुष्कळ दिसते, आणि हे काढणारा हात बहुधा कोणा तरुणाचाच असतो. मालकाने सांगितले, त्याने काढले. तांब्याची किंवा प्लॅस्टिकची जर वापरणे यात काडीचेही पाप नाही. गरिबाच्या घरी लग्न असते, आणि तिथेही पदर चमकावा हे योग्यच. परंतु तिला चांदीच्या जरीचा वेष चढविणे ही खोटी साक्ष झाली, आणि ती शब्दांत न देता चित्रात दिली म्हणून खरी होत नाही. जो विद्यार्थी पेटीच्या एका कोपऱ्यात, वाचता येईल एवढ्या अक्षरांत, जर कोणती ते लिहिण्यासाठी जागा राखून ठेवतो, आणि मालकाशी त्यासाठी वाद घालतो, त्याला आम्ही पूर्ण गुण देऊ. वादात तो हरला तरी!

संगणकावर चित्र काढणे म्हणजे यंत्रानेच चित्र काढणे, असा एक समज घरोघरी आहे. तो दूर व्हावा. एक पाटी असते आणि एक लेखणी. लेखणी जितकी दाबावी तितकी रेघ जाड होते. हात तोच, डोळा तोच. फरक असा की चित्र एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तशा थरांमध्ये काढता येते. खालचा थर न बिघडविता वरचा खोडता येतो. दुसरा प्रकार चिन्हांसाठी वापरतात. तेथे रेघ ठिपक्यांची नसते, गणिताची असते. चार बिंदू दिले की त्यांतून एक वक्ररेषा निघते, आणि ती कितीही मोठी केली तरी तिच्या कडा फुटत नाहीत. या रेषेला ज्याचे नाव मिळाले तो पियेर बेझिए चित्रकार नव्हता. तो फ्रान्समधील रेनॉ या मोटार कारखान्यात अभियंता होता, आणि १९६० च्या दशकात मोटारींच्या पत्र्याचे बाक आखण्यासाठी त्याने ही रीत वापरात आणली. आज पोंकाच्या पुडीवरील सात दाणे त्याच गणिताने गोल होतात. सुरतेच्या छपाई-गिरण्यांत साडीचा नमुना एका टोकाशी दुसऱ्या टोकाला सांधा न दिसता जुळवावा लागतो. भरतकामाच्या यंत्रासाठी चित्राचे टाक्यांत रूपांतर करावे लागते. अशी कामे करणारी शेकडो माणसे या शहरात संगणकासमोर बसलेली आहेत. त्यांची नावे साडीवर नसतात.

अक्षरांचा प्रश्न सुरतेत विशेष गमतीचा होतो. पाटी गुजरातीत हवी, पेटी हिंदी मुलुखातही जावयाची, आणि घर मराठी. गुजराती अक्षरांना शिरोरेघ नाही. आपल्या बाळबोधेला आहे. दोन्ही एकाच चिन्हात बसवावयाची तर एक टांगलेले दिसते आणि दुसरे जमिनीवर बसलेले. शिवाय मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून निराळी. त्याविषयी महाराष्ट्र शासनाने २००९ साली आदेशही काढला. तरीदेखील संगणकात जे आयते अक्षर असते तेच विद्यार्थी उचलतात, आणि मराठी दुकानाच्या पाटीवर हिंदी वळणाचा ‘ल’ निमूटपणे येऊन बसतो.

ज्यांना या गोष्टींचे महत्त्व वाटले अशी माणसे मराठीत होऊन गेली. रघुनाथ कृष्ण जोशी यांनी जाहिरातीच्या व्यवसायात वर्षानुवर्षे काम केले, पुढे मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकविले, आणि नंतर संगणकासाठी भारतीय लिप्यांची अक्षरे घडविली. मायक्रोसॉफ्टच्या संगणकांत देवनागरीसाठी ‘मंगल’ आणि गुजरातीसाठी ‘श्रुती’ ही अक्षरे आली, ती त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली. म्हणजे सुरतेचा कारकून गुजरातीत पावती टंकित करी, तेव्हा त्याच्या नकळत एका मराठी माणसाचे वळण कागदावर उतरत असे. जोशी २००८ साली निवर्तले. दुसरे कमल शेडगे, २०२० साली निवर्तले. मराठी नाटकांची नावे त्यांनी अशी लिहिली की नाटक शोकान्त की हसरे ते अक्षरांवरूनच कळावे. हल्लीच्या विद्यार्थ्यास एक मोठी सोय आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या संस्थेने ‘मुक्ता’ हे अक्षर देवनागरीत व गुजरातीतही केले असून ते कोणालाही विनामूल्य घेता येते. चोरीच्या अक्षरांनी प्रोजेक्ट करण्याचे कारण उरलेले नाही.

वर्गातले काम वर्गातच राहते, त्याचा जगाला काय उपयोग, असे म्हणणाऱ्यांसाठी तीन हकिगती सांगतो.

पहिली अहमदाबादची. १९७० च्या दशकात दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे व्हावयाचे होते आणि त्याला चिन्ह हवे होते. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत हे काम आले तेव्हा शिक्षकांबरोबर विद्यार्थ्यांनीही आराखडे केले. देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने मानवी डोळ्यासारखे एक चिन्ह काढले: मधोमध गोल, आणि त्याला दोन बाजूंनी कवेत घेणारे दोन वक्र. तेच निवडले गेले. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन स्वतंत्र झाले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे दररोज ते दोन वक्र गोल फिरत फिरत एकत्र येताना साऱ्या देशाने पाहिले. शेजारच्या घरी दूरचित्रवाणी पाहावयास जाणारी आपली पिढी ते चिन्ह विसरणार नाही. काढणाऱ्याचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक होते.

दुसरी हकिगत रुपयाची. २००९ साली भारत सरकारने रुपयासाठी चिन्ह मागविले. तीन हजारांहून अधिक आराखडे आले, त्यांतून पाच निवडले, आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने डी. उदयकुमार यांचे चिन्ह मान्य केले. ते त्या सुमारास मुंबईच्या आयआयटीत, वर सांगितलेल्या त्याच केंद्रात, तमिळ अक्षरांवर संशोधन करीत होते. तमिळ घरातला विद्यार्थी, पण चिन्हात त्याने देवनागरी ‘र’ घेतला, त्यात रोमन अक्षराचा भास ठेवला, आणि वर शिरोरेघ राखली. पारितोषिक अडीच लाख रुपयांचे होते. शिरोरेघ नसलेल्या लिपीत जन्मभर वह्या लिहिणारा सुरतेचा व्यापारी आता दिवसातून शंभर वेळा ती शिरोरेघ ओढतो!

तिसरी अमेरिकेतील आहे, आणि ती पालकांनी मुद्दाम ऐकावी. १९७१ साली पोर्टलंड येथील विद्यापीठात डिझाइन शिकणाऱ्या कॅरोलिन डेव्हिडसन या तरुणीने बुटांच्या एका लहानशा कंपनीसाठी एक वळणदार खूण काढून दिली. ताशी दोन डॉलरच्या हिशेबाने तिला एकूण ३५ डॉलर मिळाले. ती कंपनी म्हणजे आजची नाइकी. खूण आज पृथ्वीवर जिकडे तिकडे आहे. पांडेसऱ्यातील पोराच्या बनावट बुटावरही. १९८३ साली कंपनीने तिला बोलावून एक अंगठी आणि कंपनीचे काही समभाग दिले. हे त्यांनी चांगले केले. पण तसे करण्यास कायद्याने ते बांधलेले नव्हते.

कायद्याची बाजू या अभ्यासक्रमांतून फारच उडत उडत शिकविली जाते, म्हणून येथे थोडे थांबतो. आपल्याकडे १९५७ सालच्या स्वामित्वहक्क कायद्यान्वये चित्राचा हक्क चित्रकाराचा. परंतु तो नोकरीत असताना काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाचा. कोणी मोबदला देऊन चित्र रंगवून घेतले असेल तरी तोच प्रकार. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखीच द्यावा लागतो, आणि त्या लेखात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. कापडाच्या नमुन्यांची गोष्ट आणखी निराळी, आणि सुरतेत तीच महत्त्वाची. २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली साडीच्या नमुन्याची नोंदणी करता येते. तिचे संरक्षण दहा वर्षे, आणि अर्ज केल्यास पुढे पाच. नोंदणीयोग्य असूनही नमुना नोंदला नाही, आणि यंत्रावर त्याच्या पन्नासांहून अधिक प्रती निघाल्या, तर त्या नमुन्यावरील स्वामित्वहक्क संपतो. पन्नास साड्या! सुरतेच्या छपाईयंत्रावर पन्नास साड्यांना किती वेळ लागतो ते तेथे काम करणाऱ्या आपल्या बंधूंनाच विचारावे. सोमवारी बाजारात आलेला नमुना शनिवारी दुसऱ्याच्या गठ्ठ्यात दिसतो याबद्दल बाजारात सारेच कुरकुरतात, आणि सारेच एकमेकांचे उचलतात.

अलीकडे एक नवीन संकट आले आहे, किंवा काहींच्या मते नवीन सोय. २०२२ सालापासून अशी यंत्रे सर्वांच्या हाती आली की, एक वाक्य लिहिले असता ती घटकेत चित्र तयार करून देतात. मालक विचारू लागले आहेत की, मग या मुलांना पैसे कशासाठी द्यावयाचे? आमचे मत विचाराल तर, ज्याने गव्हाची ओंबी उचलून ‘पोंक’ लिहिले असते त्याचे काम हे यंत्र खुशाल घेईल, आणि त्यात फारसे दु:ख नाही. त्या यंत्राने लाखो चित्रकारांच्या चित्रांवरून शिक्षण घेतले आहे. पुष्कळांची संमती न घेता घेतले आहे, आणि त्याविषयी निरनिराळ्या देशांत खटले चालू आहेत. हे दु:ख मात्र खरे आहे. परंतु अडाजणच्या भट्टीवर जाऊन पोंक किती तास ताजा राहतो, भट्टीवाल्याच्या बायकोला कोणता रंग आवडतो, पुडीला किती पैसे पडले तर परवडते, हे विचारून यंत्र येत नाही. ते काम त्या मुलीचेच.

चित्रकलेने पोट भरते काय, ही शंका मराठी घरांत जुनी आहे. सुरतेच्या दक्षिणेस पारडी म्हणून गाव आहे. वेदांचे भाष्यकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९४८ साली औंधहून येऊन तेथे राहिले आणि १९६८ साली शंभरी पार करून तेथेच निवर्तले. पंडितजी म्हणून त्यांची कीर्ती. पण ते मूळचे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार, आणि हैदराबादेस व लाहोरास त्यांनी चित्रे आणि छायाचित्रे काढून संसार चालविला, हे थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर हेही नामवंत चित्रकार झाले. त्या काळी हे होऊ शकले. आज तर जाहिरातकला, अक्षरकला आणि वेष्टनकला शिकविणारी महाविद्यालये आहेत, जे. जे. मध्ये जाहिरातकलेचा वर्ग १९३५ सालापासून आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी असा विद्यार्थी आहे त्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. कच्ची चित्रे रद्दीत घालू नयेत. प्रत्येक पानावर तारीख घालून ती एका पेटीत ठेवावीत, कारण उद्या वाद झाला तर चित्र आपले होते हे त्या कच्च्या पानांवरूनच सिद्ध होते. नोकरीच्या मुलाखतीतही पक्क्या चित्राइतकीच कच्ची पाने पाहिली जातात. नात्यातल्या दुकानदाराने ‘घरचेच काम आहे’ म्हणून फुकट चिन्ह मागितले तर द्यावयास हरकत नाही. मात्र ते कोणत्या मालावर वापरावयाचे आणि किती वर्षे, हे दोन ओळींत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मामाने रागावू नये. आणि रात्री एक वाजता दिवा जळत असेल तर तो विझविण्यापूर्वी एकदा पडद्याकडे पाहावे, सातापैकी कोणता दाणा आता निघाला ते विचारावे.